उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्ड ८५ अंशांवर : थर्मल पेस्ट बदलावी की कारण दुसरेच असावे?

पूर्वभाग_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, घराच्या वरच्या मजल्यावर मी चादरी आणि टॉवेलांच्या नक्ष्यांचे काम करतो. ग्राहकाला माल विणण्याआधी दाखवता यावा म्हणून ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये त्याची चित्रे रेंडर करावी, म्हणजे संगणकाकडून तयार करून घ्यावी लागतात. संगणकात आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे कार्ड असून ते नवेच घेतलेले आहे. तिसरे वर्ष चालू असल्याने वॉरंटीचे काही महिने अजून शिल्लक आहेत.

डिसेंबरात रेंडर चालू असताना कार्डाचे तापमान ६८ अंशांच्या आसपास राहत असे. एप्रिल लागल्यापासून ते ८५ पर्यंत चढते, पंखे पूर्ण वेगाने फिरत राहतात आणि क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, १८५० मेगाहर्ट्झवरून १६०० पर्यंत उतरतो. दुकानात विचारले असता, कार्ड न पाहताच, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या पात्यांना, पोहोचवणारा लेप) वाळली असेल, नाहीतर कार्ड बदलून टाका, असे उत्तर मिळाले. पेस्ट घरी बदलणे योग्य ठरेल का? खोलीत एअर कूलर आहे, त्याचा झोत कॅबिनेटकडे वळवला तर चालेल का?

विजापूर_वेस

पेस्ट बदलाच. माझ्या जुन्या कार्डाचे तापमान त्यानंतर चांगले १२ अंशांनी उतरले होते. काम अवघड नाही, मात्र स्क्रू कुठला कुठे होता हे लिहून ठेवा.

जुळे_सोलापूर

पेस्टला हात लावण्याआधी थोडे मोजमाप करावे, असे मी सुचवेन. हवेने थंड होणारे कोणतेही कार्ड खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. ते खोलीपेक्षा किती अंशांनी वर आहे, एवढेच हीटसिंकच्या हातात असते. त्यामुळे पुण्यामुंबईच्या वातानुकूलित खोलीतले आकडे वाचून आपल्या कार्डाचा न्याय करण्यात अर्थ नाही. डिसेंबरात आणि आज खोलीचे तापमान किती होते, ते कळवावे.

दुसरे, एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘हॉटस्पॉट’ नावाचा वेगळा आकडा दिसतो. चिपवरील सर्वांत तापलेल्या जागेचे ते तापमान असते. नेहमीचे तापमान आणि हॉटस्पॉट यांत १० ते १५ अंशांचा फरक स्वाभाविक असतो. तो २५-३० च्या पुढे गेला, तर पेस्ट वाळली आहे किंवा चिपच्या कडेला सरकली आहे, असे समजायला हरकत नाही. तिसरे, कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तेच चित्र पुन्हा रेंडर करून पाहा. विजापूर_वेस यांचा अनुभव खराच असणार, पण त्यांच्या कार्डाचा दोष आपल्याही कार्डात असेलच असे नाही.

पूर्वभाग_सोलापूर

मोजून पाहिले. डिसेंबरात खोली साधारण २५ अंशांवर असे, आज दुपारी ती ३९ वर आहे. हॉटस्पॉट ९९ दाखवतो, म्हणजे फरक १४ अंशांचा. झाकण काढल्यावर मात्र तेच चित्र ७६ अंशांवर पूर्ण झाले आणि पंख्यांचा आवाजही कमी राहिला. डिसेंबरात खोली आणि कार्ड यांत ४३ अंशांचे अंतर होते, आता झाकण लावून ४६ आहे. म्हणजे बिघाड फारसा नाही, असे समजावे का?

जुळे_सोलापूर

तीनच अंशांचा फरक दिसत असला, तरी तो फसवा आहे. आज पंखे पूर्ण वेगात आहेत आणि क्लॉक उतरल्यामुळे कार्ड पूर्वीपेक्षा कमी उष्णता निर्माण करत आहे. इतके करूनही अंतर वाढले असेल, तर हवेचा मार्ग कुठेतरी अडलेला आहे. झाकण काढताच ९ अंश उतरले, यावरून तो अडथळा कार्डात नसून कॅबिनेटमध्ये आहे हे उघड होते. हॉटस्पॉटचा फरक १४ असताना पेस्ट निर्दोष आहे. ती बदलण्यासाठी कार्ड उघडले, तर मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटण्याचा धोका असतो, नव्या पॅडची जाडी जुन्याएवढीच मिळाली नाही तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही, आणि वॉरंटी हातची जाऊ शकते ती वेगळीच.

माझा संशय कॅबिनेटच्या समोरच्या जाळीवर आहे. यंत्रमागाजवळची धूळ ही साधी माती नसते, तिच्यात सुताचे बारीक तंतू असतात. माती हीटसिंकच्या पात्यांवर बसते, पण तंतू एकमेकांत अडकत जातात आणि जाळीवर नमद्यासारखा थर तयार होतो. समोरून पाहिले तर जाळी नुसती करडी दिसते, उजेडासमोर धरल्यावरच ती बंद झाल्याचे कळते. टॉवेलच्या मागांजवळ हा त्रास अधिक, कारण त्या विणीत तंतू जास्त सुटतात.

संगणक बंद करून, वायर काढून, जाळी साबणाच्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. कार्डावर ब्लोअर मारताना त्याचे पंखे बोटाने धरून ठेवावेत. मोकळे सोडल्यास ते मर्यादेपेक्षा वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. पात्यांत अडकलेले तंतू हवेने सहसा सुटत नाहीत, ते चिमट्याने ओढावे लागतात, आणि हे काम घराच्या आत करू नये. मागचा पंखा हवा बाहेर टाकतो आणि पुढचे आत घेतात, हेही एकदा कागदाचा तुकडा धरून तपासून घ्यावे. पुढे काचेचे झाकण असेल, तर जाळी स्वच्छ करूनही निम्माच लाभ होईल.

आकाशवाणी_रोड

यात अंडरव्होल्टिंगची, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवण्याची, भर घालावीशी वाटते. या कार्डाची वीजमर्यादा १७० वॅटची आहे आणि चिप तयार करणाऱ्या एनव्हिडियाने कमाल तापमान ९३ अंश दिले आहे. म्हणजे ८५ वर कार्ड लगेच जळणार नाही, पण सोलापूरचा मे महिना अजून यायचा आहे. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाची मांडणी बदलण्याच्या प्रोग्राममध्ये सर्वांत सोपा उपाय म्हणजे पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणणे. रेंडरचा वेग थोडा घटतो, उष्णता मात्र त्याहून बरीच घटते. वेगही टिकवायचा असेल, तर व्होल्टेजचा वक्र उघडून १८०० मेगाहर्ट्झ ९०० मिलिव्होल्टवर चालतात का ते पाहावे. प्रत्येक कार्डाची क्षमता वेगळी असल्याने एखादे लांबलचक रेंडर न अडखळता पूर्ण होईपर्यंत ती मांडणी कायम करू नये.

कूलरविषयी : कार्ड खोलीपेक्षा नेहमीच गरम असल्याने त्याच्यावर दव धरेल ही भीती अनाठायी आहे. मात्र झोताबरोबर पाण्याचे तुषार येतात, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार कूलरच्या गवतावर कसे पांढरे साचतात ते आपण पाहतोच. तेच मदरबोर्डवर साचू नयेत. झोत संगणकाकडे न वळवता समोरची खिडकी उघडी ठेवून खोली थंड करावी. खोली ५ अंशांनी उतरली, की कार्डही जवळपास तेवढेच उतरते. आपल्याकडची एप्रिलची हवा कोरडी असल्याने हे साधते. पावसाळी दमटपणात कूलरचा उपयोग नाही.

पूर्वभाग_सोलापूर

जाळी काढली, थर बोटाने सोलून निघाला. धुवून वाळत घातली आहे. मोठी रेंडर रात्री जेवणानंतर लावत जाऊ का?

जुळे_सोलापूर

वरच्या मजल्यावर स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेलाच असतो, तेव्हा पहाटे चारची वेळ लावून ठेवणे बरे. जाळी दर पंधरवड्याला पाहावी, आणि कॅबिनेट जमिनीवर असेल तर ते टेबलावर घ्यावे, कारण तंतू खालीच जास्त जमतात. जाळी बसवल्यावर झाकण लावूनही तापमान ७८च्या खाली राहिले नाही, तर पुढच्या पंख्यांचे आकडे येथे द्यावेत.