बारशाला उपयोगी भेट काय द्यावी? (आणि ती सासूबाईंना दिसलीही पाहिजे)

नमस्कार मंडळी,

धाकट्या जावेला मुलगी झाली. आज तेरा दिवसांची आहे. बाराव्या दिवशी कुणालाच रजा नव्हती, म्हणून बारसं येत्या रविवारी, वाकडला त्यांच्याच घरी. वन बीएचके, दोघंही आयटीत. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यामुळे माहेरपण नाही. सासूबाई असतात आमच्याकडे चिंचवडला, दिवसाआड जाऊन येतात. आम्ही चार घरांनी मिळून ६,००० रुपये काढलेत आणि खरेदी माझ्या गळ्यात पडली आहे.

माझ्या मुलाच्या बारशाला काय काय आलं ते मी विसरलेले नाही. पारदर्शक झाकणाच्या खोक्यातले बेबी सेट, तेल-साबण-पावडर-कंगवा, एकूण पाच. कंगवे पाच आणि पोराच्या डोक्यावर जावळ कसलं, नुसती लव! बाबासूट सगळे तीन महिन्यांच्या आतल्या मापाचे, त्यातले दोन तर लेबल काढायच्या आधीच आखूड झाले. एक गाणी म्हणणारा वॉकर माळ्यावर गेला तो गेलाच. मध्यंतरी माळा आवरताना धक्का लागला तर वाजायला लागला, मी दचकून स्टुलावरून पडणार होते.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र बारशाला काहीच आणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आल्या, हातात जुन्या धोतराचे डझनभर लंगोट. म्हणाल्या, "आण त्याला इकडे. तू आंघोळ करून ये, आणि सावकाश कर." त्या दिवशी मी न्हाणीघरात कडी लावून पाच मिनिटं पाटावर नुसतीच बसून राहिले होते. नळसुद्धा सोडला नव्हता.

म्हणून माझ्या मनात आहे की आई-बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाईंचे पैसे आपण भरावेत. चौकशी केली, आमच्या रकमेत पंधरा दिवस बसतात आणि वर थोडे उरतात. सासूबाईंना कल्पना पटते, पण "चार माणसं बघतात, हातात काहीतरी दिसायला पाहिजे. नुसतं पाकीट काय देताय, आहेर आहे का लग्नाचा?" त्यांची यादी: घुंगरांचे चांदीचे वाळे, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, आणि (हाय रे देवा) वॉकर.

तर न दिसणारी भेट दिसेल अशी कशी द्यायची? आणि उरलेल्या पैशांत काय घ्यावं? अनुभवी लोकांनी कृपया सांगा. रविवार जवळ आलाय.

—

जुळ्यांची आई:
कपडे घेणारच असाल तर महिने मोजा. मुलगी नोव्हेंबरची, म्हणजे सहा महिन्यांची होईल ती ऐन मे महिन्यात. आत्ता थंडी म्हणून सगळे स्वेटर आणतील. तुम्ही सहा ते नऊ महिन्यांच्या मापाची, बिनबाह्यांची सुती झबली घ्या, बंदांची. डोक्यातून घालायचं काही नको, झोपलेल्या बाळाची मान सावरत ते घालून बघा एकदा. डायपर नेणार असाल तर न्यूबॉर्न माप नको, त्यापुढचं घ्या. साधारण पाच महिन्यांत जन्माच्या वजनाची दुप्पट होते.

—

बालविभागातली सिस्टर:
सासूबाईंना वाईट न वाटू देता सांगा, पण उशी नकोच. पहिलं वर्षभर बाळाला पाठीवर, सपाट गादीवर, उशीशिवाय झोपवायचं. मऊ उशीत नाक दबलं तर एवढ्याशा बाळाला मान वळवता येत नाही. डोकं पुढे आपोआप गोल होतं. वॉकरवर कॅनडात २००४ पासून बंदी आहे, कारण पोरं त्यात बसून जिन्यावरून गडगडतात, आणि चालायला त्याने लवकर येतं असंही नाही. पावडर, काजळ नको. मध वर्ष होईपर्यंत चाटवायलासुद्धा नको, त्याची बाटली भेट म्हणून येते हे मी डोळ्यांनी पाहिलंय.
दुधाच्या बाटल्यांचा सेटही नको. आपल्याकडे त्यांच्या जाहिरातीलाच १९९२ च्या कायद्याने मनाई आहे. चांदीच द्यायची तर वाळ्यांऐवजी बोंडलं द्या. कधी काढलेलं दूध पाजायची वेळ आली तर ते बाटलीपेक्षा कधीही बरं, धुवायलाही सोपं. वाळे दिलेच तर बिनघुंगरांचे. घुंगरू सुटून तोंडात जातं.

—

रात्रपाळीवाला बाबा:
मी बाप आहे, माझं कुणी ऐकत नाही, तरी सांगतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त वापरलेली भेट म्हणजे मंद पिवळा रात्रदिवा आणि एका हाताने उघडणारी पाण्याची बाटली. रात्री तीनला एका हातात बाळ असतं आणि दूध पाजताना घसा कोरडा पडतो (बायकोचा, माझा नाही). किंमत दोन्ही मिळून हजाराच्या आत. आणि डबा! मित्राची आई आठवड्यातून दोनदा भाकरी नि मेथीची भाजी पाठवायची. बाळाला पाहायला आलेल्यांना चहा करून करून माझा जीव गेला होता, त्यात तो डबा.

—

हेलसिंकीकर:
इथे फिनलंडमध्ये सरकारच बाळंतविडा देतं. १९३८ पासून चालू आहे, आधी गरजूंना, १९४९ पासून सगळ्यांना. मोठं पुठ्ठ्याचं खोकं, आत कपडे, दुपटी, अगदी तळाला गादी. खोकं रिकामं झालं की तोच बाळाचा पहिला पलंग. नको असेल त्याला रोख रक्कम मिळते. पण माझ्या ओळखीत पहिल्या खेपेला कुणी रोख घेतली नाही. खोकं घरात आलं की उघडून बघायला सगळे जमतात. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं मला तरी पटतं.

—

नातवंडांची आजी:
अगं, बाळंतविडा ताटात मांडूनच देतात की! कुणी दिसत नाही म्हटलं? मोठी परडी घे. खणाची कुंची, जुन्या सुती साडीची दोन दुपटी, लंगोट. बाजूला डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा पुड्या बांधून. कच्चं सामान नुसतं देऊ नकोस, लाडू वळणार कोण, ती? थोडे लाडू करूनच ने. आणि मधोमध नारळाशेजारी हळदीकुंकू लावलेलं पाकीट, वर लिही, "तेल-न्हाणं, पंधरा दिवस, चार घरांकडून." बघणाऱ्यांना परडी दिसेल, तिला पाकीट. बाई मात्र आधी ठरव, आणि जावेला आधी विचार. काहींना परक्या बाईने बाळाला हात लावलेला चालत नाही.

—

(मूळ प्रश्नकर्ती)
आजी, पाया पडते. जावेला फोन केला. ती आधी हो म्हणाली, मग काही बोलेचना, मग नाक ओढल्याचा आवाज आला. बाई सोमवारपासून येणार आहेत.

सासूबाईंना परडी एकदम पसंत. सिस्टरचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. वॉकर यादीतून गेला. उशीवर "आमच्या चौघांची डोकी काय चपटी आहेत का" असं झालं, पण मग स्वतःच ट्रंकेतून एक नरम झालेली इरकल काढून दुपट्यांसाठी माझ्यापुढे टाकली. मला ती कापवत नाहीये, ते वेगळं. रात्रदिवा आणि बाटली घेतली. बोंडलं उरलेल्या पैशांत बसत नाही, ते आम्ही आमच्या घराकडून देऊ.

आता शेवटचा प्रश्न, शिवणाऱ्यांसाठी: एवढ्या बाळाच्या कुंचीला एक खण पुरतो की दोन लागतात? आणि आतून अस्तर कशाचं लावता? खणाचे जरीचे काठ टोचतील अशी भीती वाटते.