टेबलावर स्टूल ठेवून चढणं: नाइलाज की निष्काळजीपणा?

धागाकर्ता
आमच्या जिन्यातला दिवा बदलायला परवा एक वायरमन आला. पायऱ्यांवर घोडी (दोन्ही बाजूंना पाय असलेली, स्वतः उभी राहणारी शिडी) उभी राहीना. मग त्याने टेबलाचे दोन पाय वरच्या पायरीवर टेकवले, खालच्या दोन पायांखाली विटा रचल्या आणि वर स्टूल ठेवलं. मी म्हटलं, "दादा, थांबा, दुसरं काहीतरी बघू." तो म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे." दोन मिनिटांत झालंही. पण तो वर असताना सगळ्यात खालची वीट डुगडुगताना मी पाहिली आणि तरीही गप्प राहिलो, हे मनातून जात नाही.

दोन मीटरवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदाच्या आत जमिनीवर आदळतो, तेही ताशी २२ किलोमीटरच्या आसपास वेगाने. तेवढ्यात सावरणं होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की असं काम थांबवलंच पाहिजे, आणि ते थांबवायची जबाबदारी काम सांगणाऱ्याची आहे.

रंगकाम करणारा
पटलं नाही. वीस वर्षं हेच करतोय. सपाट फरशी आणि मोकळी भिंत दर वेळी कुठून आणायची? परांची (बांबू-फळ्यांचा मचाण) बांधण्यात आणि सोडण्यात दिवस जातो, त्याची मजुरी मागितली की मालकाचा चेहरा बदलतो. दोन पिंपांवर फळी टाकून मी छत रंगवतो. पण ती फळी गाठ नसलेली, जाड असते आणि दोन्हीकडे वीतभर बाहेर असते. कमी सोडली तर सरकून खाली येते, फार सोडली तर टोकावर पाय पडताच उलटते. याला निष्काळजीपणा म्हणू नका. यात हाताखाली शिकलेली अक्कल आहे.

धागाकर्ता
अक्कल आहे, मान्य. पण "वीस वर्षं काही झालं नाही" हा मुद्दा मला पटत नाही. भिंतीला टेकवलेली शिडी घ्या. चार हात उंचीवर टेकली असेल तर तिचे पाय भिंतीपासून एक हात बाहेर हवेत, म्हणजे कोन साधारण ७५ अंशांचा येतो. तीच ६० अंशांवर लावली की टोकाशी गेलेल्या माणसाच्या वजनाने पाय बाहेर ढकलणारा जोर दुपटीहून जास्त होतो. आणि खालच्या पायऱ्यांवर हे कळतच नाही. माणूस जसजसा वर जातो तसतसा हा जोर वाढतो, म्हणून शिडी सरकते ती नेमकी तो वर असताना. तोवर सगळं नीटच वाटत असतं.

एक वायरमन
मी पडलोय, म्हणून लिहितो. शिडी चांगली होती, कोन बरोबर होता. एक होल्डर झाला, दुसरा हातभर लांब होता. उतरा, शिडी सरकवा, परत चढा, याचा कंटाळा केला आणि वाकलो. मनगटात आता धातूची पट्टी आहे, पेचकस अजून नीट फिरवता येत नाही. आता एकच पाळतो: बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या मध्येच राहिली पाहिजे. ती बाहेर गेली की खाली उतरायचं.

आणि चालू तारांजवळ ॲल्युमिनियमची शिडी नकोच. बांबू किंवा लाकूड ओलं असेल तर तेही नको.

घरी एकटी राहणारी
"काम सांगणाऱ्याने थांबवावं" हे बोलायला सोपं आहे. मी थांबवलं तर तो माणूस निघून जातो, आणि मग पंखा पुसायला मीच खुर्चीवर चढते. तेव्हा मला कोण थांबवणार? निदान शिडी धरायला तरी कोणी हवं.

एक वायरमन
ताई, धरणाऱ्यावर फार भरवसा ठेवू नका. सत्तर किलोचा माणूस कलला की खाली उभ्याच्या हातात काही राहत नाही, उलट तोही सापडतो. धरण्यापेक्षा शिडीचं वरचं टोक घट्ट बसवलेल्या गजाला बांधलेलं बरं. पंख्याला मात्र घोडीच घ्या, आडव्या पट्ट्या पूर्ण ताणून, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहू नका.

रंगकाम करणारा
बांधायची दोरी माझ्याही पिशवीत असते. आणि रंगारी असून मी लाकडी शिडीला कधी रंग दिला नाही, रंगाखाली तडा दिसत नाही. म्हणजे जिवाची काळजी आम्हालाही आहे. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. जिन्यातल्या त्या टेबलाऐवजी काय वापरायचं?

धागाकर्ता
एका बाजूचे पाय लांब करता येणारी घोडी मिळते. ती पायऱ्यांवर सरळ उभी राहते.

रंगकाम करणारा
मिळते, माहीत आहे. ती आणायची कोणी? मी, की ज्याचा दिवा आहे त्याने?

धागाकर्ता
ज्याचा दिवा आहे त्याने. त्या दिवशी मी ती आणून ठेवली असती, तर विटा लागल्याच नसत्या. जिन्यात अजून तीन दिवे आहेत. पुढचा जायच्या आत घोडी आणतो.