मदत हवी आहे: धनुष्याच्या लाकडाला पीळ आहे, काढू की तसाच राहू देऊ?

नमस्कार मंडळी,

एकाच लाकडातून धनुष्य बनवायचा हा माझा दुसरा प्रयत्न. पहिल्याचं काय झालं ते आधीच सांगतो म्हणजे तोच सल्ला परत मिळायला नको. त्या लाकडालाही पीळ होता पण मी शहाणपणा केला, मधोमध सरळ रेघ मारली आणि करवतीने त्या रेघेवर कापून मोकळा झालो, दिसायला फळीसारखं सरळ झालं, मी खूश. टिलरिंगला (थोडं थोडं ओढून बघत दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत तासणं) १८-२० इंच ओढलं तेव्हा बारीक टिक असा आवाज आला, बोट फिरवलं तर पाठीवर (धनुष्याची नेमबाजापासून लांबची बाजू) काठाजवळ कुसळाएवढी चिपली उठलेली, आणि मूर्खासारखं पुन्हा ओढून बघितलं तर तीच चिपली तिरपी चढत निम्म्या रुंदीपर्यंत गेली. रेषे तिरपे होते आणि मी ते मधेच तोडले होते.

म्हणून या वेळी तुतीचा ओंडका पाचरी ठोकून फोडला, रेषे गेले तिकडे फाटू दे म्हटलं. दोन्ही टोकांना मेण फासून वर्षभर सावलीत सुकवला. लांबी ६८ इंच, पाठ वाढीच्या एकाच वलयावर आणून ठेवलीये (त्यात तीन संध्याकाळी आणि अंगठ्याचं सालपट गेलं). पण पीळ भयंकर आहे. मुठीवर एक पट्टी आडवी आणि टोकावर दुसरी ठेवून एक डोळा मिटून बघितलं, वरच्या भुजेचं (मुठीपासून टोकापर्यंतचा वाकणारा भाग) टोक जवळजवळ २५ अंश फिरलंय, खालचं ७-८. पंख्याचं पातं दिसतं अगदी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही हे ऐकून होतो, आता हीट गन हातात घेऊन तेच आठवतंय.

तर पीळ गरम करून काढावा का, आणि काढायचा तर आत्ता लाकूड जाड आहे तोवर की तासून झाल्यावर? आणि थोडा राहिला तर बाण वाकडा जाईल का? सध्या भुजा जवळपास दीड इंच जाड आहेत.

प्रतिसाद १

बाण पिळाने वाकडा जात नाही हो, दोरी कुठून जाते ते बघायचं. दोन्ही टोकांच्या मध्यावर खिळा ठोकल्यासारखा विचार करा आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणून बघा. तो मुठीच्या रुंदीच्या आत पडला तर अर्धी चिंता मिटली. १०-१२ अंश पीळ पूर्ण भुजेवर सारखा पसरलेला असेल तर मी हातही लावत नाही. वाईट कुठला, तर चार-सहा इंचात एकदम मुरडलेला, तिथेच सगळा ताण येतो. तुमचा कसा आहे ते सांगा आधी.

धागाकर्ता

दोरा मुठीच्या बाहेर जातोय, बोटभर. आणि २५ पैकी बराचसा पीळ वरच्या भुजेच्या मधल्या फूटभरात आहे.

प्रतिसाद २

मग काढा, पण आत्ता नको. दीड इंच जाडीचं लाकूड तुमचं ऐकणार नाही, वरून भाजेल आणि आत थंडच राहील. आधी पोटाकडून (नेमबाजाकडची बाजू) तासत आणा, टोक जमिनीला टेकवून दाबल्यावर जेमतेम वाकायला लागेल इतपत, मग गरम करा. मूठ व्हाइसमध्ये चामड्याचा तुकडा घालून आवळा, टोकाला कापड गुंडाळून मोठा पाना लावा म्हणजे पिळायला दांडा मिळतो. पोटाला तूप किंवा तेल चोळा, उष्णता सारखी पसरते आणि पृष्ठभाग करपत नाही. गन चार बोटं लांब धरून मुरडलेल्या फूटभरातच पुढेमागे फिरवत राहा, एका जागी थांबलात की काळा डाग पडलाच. बदामी रंग चालेल, काळा नाही. काठ हाताला धरवेना झाला की हळूहळू पिळा, हिसका नको. सरळपेक्षा थोडं पलीकडेच न्या कारण सोडल्यावर ते परत येतंच, पान्याला वजन टांगा आणि पूर्ण गार होईपर्यंत विसरून जा. एका बैठकीत सगळं काढायचा हट्ट नको, दोन-तीन वेळा करा.

वाफेचं विचाराल म्हणून सांगतो, ओल्या लाकडाला वाफ उत्तम (इंचभर जाडीला साधारण तासभर), सुकलेल्याला पुन्हा ओलं कशाला करता, कोरडी उष्णता बास. आणि पाठीवर गन रोखू नका, पाठ ताणली जाते, ती भाजून ठिसूळ झाली तर परत टिक.

प्रतिसाद १

यात एक भर. पीळ थोडा राहणारच, तर पोट तासताना मुठीच्या पातळीने सपाट करू नका, सगळे तिथेच फसतात. पाठ जशी फिरते तसंच पोटही फिरलं पाहिजे. दर दोन इंचावर दोन्ही काठांची जाडी कॅलिपरने मोजा, सारखी हवी. टिलरिंगमध्ये भुजा एका अंगाला कलली तर कमजोर काठाकडे कलतेय, कानस जाड काठावर चालवायची. आणि मधली रेघ रेषांच्या मागे मागे काढा, पट्टी लावून नाही. ते एकदा भोगलंयत तुम्ही.

प्रतिसाद ३

मदत नाही, दिलासा देतो. १९९१ मध्ये आल्प्समध्ये बर्फात सापडलेला ओट्झी, त्याच्याजवळचं यू लाकडाचं धनुष्य १८२ सेंमीच्या आसपास आहे आणि तेही अर्धवट, हत्याराच्या खुणा तशाच दिसतात. पाच हजार वर्षं झाली, टिलरिंग राहिलंच. तुम्ही एका वर्षात कंटाळू नका.

धागाकर्ता

अपडेट देतो. शुक्रवारी पहिल्यांदा गरम केलं, घाबरत घाबरत, आणि पान्यावर जोर देताना लाकूड अचानक मऊ पडतं ना तो क्षण भारी आहे, मला वाटलं मोडलंच. रात्रभर वजन टांगून ठेवलं. सकाळी मोजलं तर २५ चे १६ झालेले. रविवारी परत केलं, आता ९ आहे. एका ठिकाणी तूप कमी पडलं, तिथे नाण्याएवढा काळा डाग आलाय पण पोटावर आहे आणि नखाने खरवडला तर वरवरचाच निघाला. दोरा आता मुठीवरून जातो, अगदी मध्यातून नाही पण जातो. उरलेला पीळ राहू दे.

लगेच ओढू का? हात शिवशिवतायत.

प्रतिसाद २

अजिबात नाही. गरम केलेलं लाकूड ठणठणीत कोरडं असतं, आत्ता वाकवलंत तर तडकेल. हवेतला ओलावा परत घेऊ द्या, काही दिवस तरी. नक्की कधी ते कळायला काट्यावर रोज वजन करा.

धागाकर्ता

बरं झालं, गरम करायच्या आधी सहज वजन केलं होतं. १४ ग्रॅम कमी झालेलं, आजपर्यंत ९ परत आलेत. उरलेले ५ आले की दोरी चढवतो.