सिग्नलला गाडी थरथरते, इंजेक्टर बदलू का?

सिंहगडरोडवासी
मंडळी, सल्ला हवा आहे. गाडी 2015 ची, 1.2 लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली. 96,000 किमी झालेत. दोन महिन्यांपासून न्यूट्रलला उभी केली की थरथरते. आरपीएमचा काटा पूर्वी 800 ला स्थिर असायचा, आता 600 ते 950 मध्ये खालीवर होतो. एसी लावला की जास्तच. परवा दांडेकर पुलाच्या चौकात दोनदा बंद पडली, मागे पीएमपीची बस, शेजारी आई बसलेली. पळताना काही त्रास नाही, चेक इंजिनचा दिवाही लागलेला नाही. प्लग आणि एअर फिल्टर बदलले, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता गॅरेजमधून सांगतायत की चारही इंजेक्टर बदला, साडेचौदा हजार. करून टाकू का?

जुना_फिटर
थांबा, एवढ्यात हो म्हणू नका. आधी एक सांगा, थरथर पेट्रोलवर आहे, सीएनजीवर आहे की दोन्हीवर?

सिंहगडरोडवासी
दोन्हीवर. आत्ता पार्किंगमध्ये बटण फिरवून पाहिलं, फरक नाही.

जुना_फिटर
मग साडेचौदा हजार खिशातच ठेवा. सीएनजीवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात, गॅसचे इंजेक्टर वेगळे. दोन्ही संच एकाच वेळी सारखेच बिघडले असं सहसा होत नाही. दोन्ही इंधनांना सामाईक काय, तर हवा, ठिणगी आणि कॉम्प्रेशन. दोष तिथेच शोधायचा.

गोदाकाठ
इंजिन माउंट पण बघा. माझ्या गाडीचं माउंट बसलं होतं तेव्हा स्टेअरिंग असंच थरथरायचं.

जुना_फिटर
@गोदाकाठ, माउंट गेलं तर गाडी हलते, पण काटा जागचा हलत नाही. यांचा काटा नाचतोय, म्हणजे इंजिनचाच ठेका चुकतोय.

कोड_वाचक
दिवा लागला नाही म्हणजे संगणकाला काही कळलेलं नाही, असं नसतं. स्टेअरिंगखाली 16 पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर हजाराच्या आत मिळतो, मोबाइलवर ॲप टाकायचं. इंजिन पूर्ण गरम करा, पेट्रोलवर ठेवा आणि 'फ्युएल ट्रिम'चे शॉर्ट टर्म व लाँग टर्म दोन्ही आकडे बघा. एकदा आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता, नुसतं चालू ठेवून), एकदा 2500 आरपीएमला धरून. ऑक्सिजन सेन्सरवरून ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, वाटलं की तो पेट्रोल वाढवतो, आणि किती टक्के वाढवलं ते इथे दिसतं. शून्याच्या आसपास म्हणजे छान.

सिंहगडरोडवासी
शेजाऱ्यांचा स्कॅनर मिळाला. आयडलला लाँग टर्म +14, शॉर्ट टर्म +5. 2500 ला दोन्ही मिळून +3. बिघाडाचा कोड एकही नाही.

कोड_वाचक
सापडलं बहुतेक! थ्रॉटलच्या पुढे कुठून तरी चोरटी हवा आत शिरतेय. आयडलला थ्रॉटल जवळजवळ मिटलेलं असतं, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) जोरदार ओढ असते आणि इंजिनला लागणारी हवाही थोडीच. तिथे बारीक भेगेतून आलेली हवाही मोठा वाटा खाते. रेस केल्यावर हवा इतकी येते की ती भेग नगण्य ठरते. पळताना त्रास का नाही, याचं उत्तर हेच.

पीसीव्हीचा (इंजिनमधली वाफ परत आत ओढणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा (ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या डब्याचा) पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट, आणि थ्रॉटल बॉडी नुकतीच उघडली होती म्हणून तिचंही गॅस्केट तपासा. बूस्टरसाठी सोपी परीक्षा आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक चारपाच वेळा दाबा, पेडल कडक झालं की पाय दाबूनच स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे.

वाशिष्ठी
रबरी पाइप आणि वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का तेही बघा. आमच्याकडे चिपळूणला पावसाळ्यात हे हमखास होतं.

जुना_फिटर
आणि कृपा करून गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधू देऊ नका, ते पेट घेतं. साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरा, इंजिन चालू ठेवून सांध्यांवर थोडं थोडं मारा. कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) आणि कनेक्टर सांभाळून. भेगेवर पाणी पडलं की क्षणभर आवाज बदलतो.

सिंहगडरोडवासी
मिळाली! पीसीव्हीचा रबरी एल्बो खालच्या बाजूने चिरलेला. वरून अगदी नवा दिसतो, बोटाने वाकवला तेव्हा भेग उघडली. 240 रुपयांचा भाग, दहा मिनिटांचं काम. काटा 780 ला स्थिर, दोन दिवसांनी ट्रिम +2. काल आईला दवाखान्यात नेऊन आणलं, एसी लावून, एकदाही बंद पडली नाही. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

एकच शंका राहिली. सकाळी थंड असताना लगेच सीएनजीवर घेतली तर पहिली एक-दोन मिनिटं किंचित मिसिंग (मधेच ठोका चुकल्यासारखं) वाटतं. पेट्रोलवर नाही.

जुना_फिटर
गॅस पेटायला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे अशक्त प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवर उघडी पडते. नव्या प्लगचा गॅप (टोकांमधलं अंतर) मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. एकाच सिलिंडरचा कोड आला, समजा पी0303 म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा, तर तिसरी कॉइल पहिल्यावर लावा. कोड पी0301 झाला तर कॉइल दोषी.

त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग. त्यांच्यात आणि व्हॉल्व्हमध्ये बारीक गॅप ठेवलेला असतो. सीएनजीवर व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होत जातो. मग व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं. टॅपेटचा आवाज नाही म्हणून लोक निश्चिंत असतात, पण गॅप कमी झाला की आवाज उलट बंद होतो. तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (गॅप आपोआप राखणारे) नसतील तर रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी थंड इंजिनवर फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायला लावा, तेही स्वतः समोर उभं राहून.

आणि चेक इंजिनचा दिवा कधी लुकलुकायला लागला, तर गाडी तिथेच बाजूला घ्या. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो.

सिंहगडरोडवासी
प्लगचा गॅप उद्याच बघतो. टॅपेटसाठी रविवारी सकाळची वेळ घेतली आहे, गाडी शनिवारी संध्याकाळीच तिथे सोडणार. चारही सिलिंडरचे आकडे इथे टाकतो.