मदत हवी आहे: स्ट्रेस फायबर विरघळले, पण फॉस्फो-कोफिलिन तसंच!

नमस्कार मंडळी, पेशीजीवशास्त्रातल्या कुणीतरी वाट दाखवा. तीन आठवडे अडकले आहे.

हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोग पेशी) रॉक किनेजचा (किनेज म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं विकर) अवरोधक वाय-२७६३२ (१० मायक्रोमोलर, ३० मिनिटं) दिला. ॲक्टिनला चिकटणाऱ्या फॅलॉइडिनने रंगवल्यावर स्ट्रेस फायबर (पेशीतल्या ॲक्टिन तंतूंच्या ताणलेल्या जुड्या) जवळजवळ नाहीसे झालेले दिसतात, म्हणजे औषध काम करतंय. माझा हिशेब असा: रॉक लिमके या दुसऱ्या किनेजला फॉस्फेट लावून जागं करतं, लिमके कोफिलिन या तंतू तोडणाऱ्या प्रथिनाच्या ३ क्रमांकाच्या सेरिनवर (एक अमिनो आम्ल) फॉस्फेट लावतं आणि मग कोफिलिनला ॲक्टिनचे तंतू तोडता येत नाहीत. म्हणून रॉक बंद केल्यावर फॉस्फो-कोफिलिन (फॉस्फेट लागलेलं कोफिलिन) घटायला हवं. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडांनी ठरावीक प्रथिन ओळखायची चाचणी) मात्र पट्टी जशीच्या तशी! एकूण कोफिलिनही सारखंच.

मला दोन शंका येतात. एक, पॅक किनेजही लिमकेला जागं करू शकतं, तेच इथे उणीव भरून काढत असेल. दुसरी मला जास्त पटते: फायबर कोफिलिनमुळे गेलेच नसतील. रॉक मायोसिनच्या (ॲक्टिनवर ओढ देणारं प्रथिन) हलक्या साखळीचं फॉस्फोरिलेशनही टिकवून धरतं. ते उतरलं की ताण जातो आणि फायबर सुटतात.

लायसिस (पेशी फोडणं) बर्फावर, फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारी विकरं) अवरोधकांसह केलंय. ब्लॉटच्या ब्लॉकिंगला (प्रतिपिंड भलतीकडे चिकटू नये म्हणून) दूध नाही, बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) वापरलं. कोफिलिन जेमतेम १९ किलोडाल्टनचं, म्हणून १५ टक्के जेल.

आता आधी काय करू? फॉस्फो-मायोसिनचा ब्लॉट, की लिमकेचा थेट अवरोधक? सेरिनच्या जागी ॲलानिन असलेलं, कायम सक्रिय राहणारं कोफिलिन कुणी वापरलंय का? पेशी तग धरतात का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.