प्रतिसाद: रिटायर झाल्यावरच कंठ फुटतो?

अमेरिकन राजदूतांना खरं बोलायचं सुचतं ते पेन्शन सुरू झाल्यावर, असं वर कोणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटतंय, काहीजण नोकरीत असतानाच बोललेत. आर्चर ब्लड १९७१ ला ढाक्यात (तेव्हाचा पूर्व पाकिस्तान) अमेरिकेचा कॉन्सुल जनरल, म्हणजे तिथल्या वकिलातीचा प्रमुख होता, ६ एप्रिलला त्याच्या स्टाफने वॉशिंग्टनला तार ठोकली की इथे पाकिस्तानी लष्कराची कत्तल चाललीय नि आपलं सरकार गप्प बसलंय, ब्लडने स्वतः पाठिंबा दिला, तर राष्ट्राध्यक्ष निक्सन नि त्याचा सल्लागार किसिंजर यांनी त्यालाच परत बोलावलं (पाकिस्तानचा राष्ट्राध्यक्ष याह्याखान याच्यामार्फत चीनशी सूत जुळवायचं होतं ना!). विल्यम बर्न्सनेही मॉस्कोत राजदूत असतानाच फेब्रुवारी २००८ मध्ये कळवलेलं की नाटोत (अमेरिका-युरोपची लष्करी युती) युक्रेन म्हणजे रशियासाठी रेड लाइन, तरी एप्रिलमध्ये बुखारेस्टला नाटोने युक्रेन-जॉर्जिया मेंबर होणार म्हणून जाहीर केलं, कधी ते मात्र सांगितलं नाही, म्हणजे रशियाही भडकला आणि युक्रेनला संरक्षणही शून्य.