ब्रेल नोटटेकर बदलायचा आहे: २० सेलवरून पुढे काय? (बजेट ६० हजार)

सातारी_मास्तर
नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत इतिहास आणि मराठी शिकवतो. पूर्ण दृष्टिहीन आहे. सध्या २० सेलचा, एसडी कार्डवर चालणारा साधा ब्रेल डिस्प्ले वापरतो, म्हणजे मजकूर ब्रेलमध्ये बोटाखाली देणारं यंत्र; सेल म्हणजे एका ब्रेल अक्षराची जागा आणि डॉट म्हणजे त्यातले वर उठणारे ठिपके. त्याची बॅटरी आता मधल्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही. शिवाय सातव्या सेलचा तिसरा डॉट वरच येत नाही. त्या जागी क आला की बोटाला अ लागतो, ल चा ब होतो आणि म चा च. वर्गासमोर उभं राहून असं वाचणं फार त्रासाचं आहे.

गरज अशी: डाव्या हाताने टिपणं वाचत उजव्या हाताने फळ्यावरचा नकाशा दाखवायचा. कानात काही घालता येत नाही, मुलं काय बोलतात ते ऐकावं लागतं. मजकूर बहुतेक मराठीच. खांद्याला अडकवता यावा. तासाच्या नोंदी, हजेरी, गुण तिथल्या तिथे लिहिता यावेत.

बजेट ६० हजार. त्यापुढे जाणं शक्य नाही, घराचे हप्ते चालू आहेत.

२० सेल पुन्हा घ्यावेत की जास्त? मराठी रोज कोण वाचतं त्यावर? आणि वापरलेला घेतला तर चालेल का?

एडिसनकर
सर, न्यू जर्सीहून लिहितोय. डोळे झाकून ब्रेलसेन्स ६ घ्या. ३२ सेल, ६ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण, अँड्रॉइड. वर्ड, ईमेल, वेब, पुस्तकं सगळं एकाच यंत्रात. मी ऑफिसच्या बैठकीत लॅपटॉप उघडतच नाही. किंमत साडेपाच हजार डॉलरच्या पुढे आहे, पण ही वस्तू रोज घ्यायची नसते. ६० हजारांत जे मिळेल ते पुन्हा बदलावं लागेल.

ठाणेकर
एडिसनकर, तुमच्याकडे नोकरीसाठी लागणारी साधनं राज्याच्या पुनर्वसन विभागाकडून मिळू शकतात. इथे मास्तरांना पदरचे पैसे घालायचे आहेत.

मास्तर, माझं स्पष्ट मत: नोटटेकर घेऊच नका, डिस्प्ले घ्या. नोटटेकरच्या पोटात अँड्रॉइड असतं आणि ते म्हातारं होतं. ब्रेलनोट टच हा नोटटेकर २०१६ साली आला तो अँड्रॉइडच्या किटकॅट आवृत्तीवर, २०१९ चा टच प्लस ओरिओ आवृत्तीवर. आतले सेल अजून धडधाकट आहेत, पण ॲप चालत नाहीत. डिस्प्लेचं तसं नसतं. फोन बदला, लॅपटॉप बदला, डिस्प्ले तोच राहतो. मी बँकेत ब्रेलियंट बीआय ४०एक्स वापरतो. ४० सेल, ब्रेल कीबोर्ड, आणि फोन न जोडताही फाइल वाचता-लिहिता येते. घेतल्याचं समाधान रोज मिळतं.

सातारी_मास्तर
ठाणेकर, त्याची किंमत?

ठाणेकर
लाखांत आहे. पण टिकतो.

टॉकबॅकवाला
६० हजार वाचवा मास्तर. फोन आहे ना? टॉकबॅकमध्ये, म्हणजे अँड्रॉइड फोनचा स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीत, २०२० पासून ब्रेल कीबोर्ड आतच आहे, स्क्रीनवर सहा बोटांनी लिहा. वाचायला गूगलचा मराठी आवाज आहे. मी अख्खी पदवी फोनवर केली. ब्रेलला हात लावला नाही आणि माझं काही अडलं नाही.

सातारी_मास्तर
फोन मीही वापरतो. पण वर्गात आवाज एका कानात आणि तोंडाने दुसरंच बोलणं मला जमत नाही. कवितेची ओळ जशी लिहिली आहे तशी, विरामचिन्हांसकट, मुलांना वाचून दाखवायची तर ती बोटाखालीच हवी.

आबा_मिरजकर
मास्तरांचं बरोबर आहे. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. टॉकबॅकवाल्यांनी राग मानू नये, पण नुसतं ऐकून शिकलेल्या मुलांचं शुद्धलेखन तपासून बघा. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात, बोटाला नाही. पहिली वेलांटी डॉट २-४, दुसरी ३-५.

मी निवृत्त शिक्षक. आमच्या वेळी पाटी आणि स्टायलस. उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. पुढे पर्किन्स ब्रेलर, म्हणजे ब्रेलचा टाइपरायटर, मिळाला. ते यंत्र १९५१ चं, आणि भारती ब्रेलही १९५१ चीच. त्याआधी देशात वेगवेगळ्या लिप्यांसाठी वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालायच्या. माझा पर्किन्स आजही चालतो. त्याला ना चार्जिंग, ना अपडेट.

टॉकबॅकवाला
आबा, माझं शुद्धलेखन तुम्ही तपासलेलं नाही. फोनवर एकेक अक्षर सोडवून ऐकता येतं. आणि पर्किन्स खांद्याला अडकवून वर्गात कोण फिरणार? पाच किलोच्या आसपास वजन आहे त्याचं.

आबा_मिरजकर
येतं. कोणी सोडवून ऐकत नाही.

गोदाकाठ
दोघांनी वेगळा धागा काढा, मी तिथे येते वाद घालायला. इथे मास्तरांच्या मूळ प्रश्नाला उत्तर देते. मी ब्रेल मुद्रितं तपासायचं काम करते, त्यामुळे मराठी ब्रेल दिवसभर बोटाखाली असते.

२० सेल मराठीला अपुरे पडतात. भारती ब्रेलमध्ये काना, वेलांटी, उकार, अनुस्वार प्रत्येकाला स्वतंत्र सेल लागतो. जोडाक्षर असेल तर अर्ध्या अक्षराच्या आधी डॉट ४ चा आणखी एक सेल. क्ष आणि ज्ञ तेवढे एका सेलमध्ये बसतात. इंग्रजीत लघुरूपांमुळे ओळ आखडते, तशी सोय रोजच्या मराठी ब्रेलमध्ये नाही. तुमच्याच विषयातला शब्द घ्या: ‘स्वातंत्र्य’ला ११ सेल. ‘स्वातंत्र्यसंग्रामातील’ला २२. हा एक शब्द तुमच्या डिस्प्लेवर पूर्ण मावतच नाही. अर्धा वाचून बटण दाबायचं, मग उरलेला. बोलण्याची लय तिथेच तुटते. म्हणून ३२ च्या खाली जाऊ नका.

दुसरं, घेण्याआधी विचारा की यंत्रात मराठीचं ब्रेल टेबल, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठले डॉट ते ठरवणारी यादी, आहे का. नुसतं ‘भारतीय भाषा चालतात’ यावर विसंबू नका. आपली फाइल नेऊन ळ, ॲ, ऑ आणि ‘त्र्य’ कसे दिसतात ते बोटाने बघा. टेबल नसलं तरी अडत नाही. संगणकावर आधी बीआरएफ, म्हणजे मजकूर ब्रेलमध्ये बदललेली फाइल, बनवा, ती कुठल्याही यंत्रावर आहे तशी वाचता येते. साव माय ब्रेल हा व्हिएतनाममधल्या संस्थेने केलेला मोफत प्रोग्रॅम आहे, तो लिबलुई या ब्रेल रूपांतराच्या मुक्त प्रोग्रॅमची टेबलं वापरतो आणि त्यात मराठी आहे. फक्त ओळीची लांबी यंत्राच्या सेलइतकी ठेवा. ४० सेलची बीआरएफ ३२ वर उघडली की प्रत्येक ओळीला शेपूट लोंबतं.

रत्नागिरीची_आई
मी डोळस आहे, मुलगी सातवीत, ती ब्रेल वाचते. आमचा अनुभव सांगते म्हणजे कोणाचं तरी नुकसान टळेल. पहिल्याच पावसाळ्यात डिस्प्लेचे डॉट अडकायला लागले. दमट हवा आणि वर हाताचा घाम. दुरुस्तीला यंत्र राज्याबाहेर पाठवावं लागलं, ते परत येईपर्यंत सहामाही परीक्षा उरकली होती. सेल बदलायचा खर्च ऐकून आम्ही गप्प झालो. आता नियम केलाय: वाचण्याआधी हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे, खाऊ खाताना यंत्र बंद, रात्री हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. ओल्या फडक्याने कधीही पुसायचं नाही.

मास्तर, दुरुस्ती कुठे होते आणि तोवर दुसरं यंत्र देतात का, हे किमतीच्या आधी विचारा.

एमपीएससी_मार्गावर
मलाही घ्यायचाय म्हणून विचारतो. नोटटेकर परीक्षेत चालतो का? एका परीक्षेला मला दारातच सांगितलं की ब्लूटूथ असलेलं काहीही आत नाही. लेखनिक घेऊन बसलो. त्याला ‘द्वैभाषिक’ लिहिता येईना.

ठाणेकर
चालत नाही. विसरा.

गोदाकाठ
इतकं ठाम सांगू नका. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये परीक्षेची पद्धत शक्यतो उमेदवाराने निवडावी असं होतं: ब्रेल, संगणक, मोठा टाइप किंवा ध्वनिमुद्रण. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळही त्यातच होता. पण इंटरनेट असलेलं यंत्र आत नेऊ देणं केंद्रावरचा माणूस स्वतःच्या जबाबदारीवर करत नाही. अर्ज भरतानाच लेखी मागा, उत्तर लेखी घ्या, आणि ते पत्र सोबत ठेवा. दारात वाद घालून काही मिळत नाही.

एडिसनकर
पुन्हा सांगतो, ब्रेलसेन्स ६. आणि थांबायची तयारी असेल तर मोनार्क बघा. ३२ सेलच्या १० ओळी, नकाशेही बोटाला लागतात. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगलं काय?

सातारी_मास्तर
नकाशे बोटाला लागतात हे वाचून खरंच आनंद झाला, मुलांसाठी शाळेत असं काही यायला हवं. पण बजेट ६० हजारच आहे.

इथे एक शक्यता दिसते आहे. पुण्यातले एक गृहस्थ त्यांचा ब्रेलसेन्स पोलारिस विकणार आहेत. ३२ सेलचा, बजेटमध्ये बसतोय. मत सांगा.

ठाणेकर
नको. २०१७ चं मॉडेल, आत अँड्रॉइड ५. मी वर जे लिहिलं त्याचं हे जिवंत उदाहरण आहे.

टॉकबॅकवाला
नको. त्या पैशात उत्तम फोन येईल.

रत्नागिरीची_आई
वॉरंटी नसलेलं यंत्र घेऊ नका हो सर. एक सेल गेला तरी खर्च मोठा असतो.

आबा_मिरजकर
नवीन २० सेलचा घ्या, वर्षभराची हमी तरी मिळेल. ठाणेकर म्हणतात तेच माझं मत.

ठाणेकर
आबा, मी २० सेल म्हटलंच नव्हतं.

गोदाकाठ
मीही नवंच घ्या म्हणेन. पण बघायला जाणारच असाल तर अशी तपासणी करा: एक पूर्ण ओळ सगळे डॉट दाबून भरा, शेवटपर्यंत हात फिरवा. मग रिकामी ओळ आणा, एकही टोक बोटाला लागता कामा नये. असं बऱ्याचदा, भराभर. प्रत्येक सेलवरचं राउटिंगचं बटण दाबून कर्सर तिथेच येतो का बघा. चार्जर काढून तासभर चालवा. आणि बाकी सेल धड असून एखादाच अर्धवट उठत असेल तर तो बहुधा मळलेला असतो, जाणकार माणूस साफ करून देतो. जो उठतच नाही, तो गेला समजा.

सातारी_मास्तर
मंडळी, पोलारिस घेतला. सगळ्यांनी नको म्हटलं होतं, तरी घेतला, आणि विचार करून घेतला. गोदाकाठ ताईंनी सांगितलेली तपासणी त्या गृहस्थांच्या घरी बसून पूर्ण केली. सगळे सेल खणखणीत उठतात आणि पूर्ण बसतात. एक राउटिंग बटण जरा जोरात दाबावं लागतं. बॅटरी शाळेचा दिवस काढते.

पहिले काही दिवस वापरल्यावरचं मत.

ओळ बदलताना आवाज जवळजवळ नाही आणि सगळी ओळ एकदम उठते. जुन्यावर डॉट एकामागून एक यायचे, त्यामुळे मी बोट थोडं थांबवायला शिकलो होतो. ती सवय आता मोडावी लागतेय. डॉट मात्र जुन्यापेक्षा मऊ आहेत. जोर देऊन वाचलं तर दबतात, हलक्या हाताने वाचलं की स्पष्ट.

३२ सेलचा फरक मला वाटला होता त्याहून मोठा आहे. काल दहावीच्या वर्गात १८५७ चा भाग घेतला. आधी एका ओळीत दोन-अडीच शब्द यायचे, आता वाक्याचा आकार हाताला कळतो, त्यामुळे पुढे काय येणार ते बोलण्याआधी ठाऊक असतं. मुलांकडे तोंड करून बोलता आलं. मध्ये एका मुलीने प्रश्न विचारला, मी बोट आहे तिथेच ठेवून उत्तर दिलं आणि पुढे वाचत गेलो.

अँड्रॉइडबद्दल ठाणेकरांचं म्हणणं बरोबरच आहे. मी वायफाय बंदच ठेवलं आहे. ईमेल, व्हॉट्सॲप, बँक यांसाठी फोन आहे. यावर फक्त फाइल वाचायच्या आणि लिहायच्या, आणि त्या कामाला आतलं अँड्रॉइड कितवं आहे याने फरक पडत नाही. घरी लॅपटॉपला जोडला की एनव्हीडीए, म्हणजे लॅपटॉपवरचा स्क्रीन रीडर, त्याला ओळखतं आणि मराठी सरळ बोटाखाली येते, कारण मजकुराचं ब्रेलमध्ये रूपांतर एनव्हीडीए करतं, यंत्र नाही.

त्रास एकच. शिक्षण खात्याची जुनी परिपत्रकं युनिकोडमध्ये नाहीत. त्या जुन्या फॉन्टचा मजकूर ब्रेलमध्ये निव्वळ कचरा होऊन येतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, मग बीआरएफ. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर आणखी एक पायरी. हे कुठल्याही यंत्राने सुटणार नाही.

वजन जुन्यापेक्षा बरंच जास्त आहे. शेवटच्या तासाला खांदा सांगतो.

ठाणेकर
अभिनंदन. बॅटरी दुसरी मिळते का ते आत्ताच शोधून ठेवा, नंतर मिळणार नाही.

एडिसनकर
अभिनंदन सर! पुढच्या वेळी ब्रेलसेन्स ६.

रत्नागिरीची_आई
साताऱ्याचा पाऊसही कमी नाही. सिलिका जेल विसरू नका.

एमपीएससी_मार्गावर
सर, जुना २० सेलचा विकणार का? सातवा सेल मी चालवून घेईन.

सातारी_मास्तर
विकायचा नाही, पण वापरायला नक्की देईन. आधी तो सेल साफ करून बघतो आणि नवी बॅटरी टाकतो. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळव.